आधी पाणी, मग शेवाळ, शेवटी झाड: अल्बर्टातील पीटभूमी पूर्ववत करण्याची पद्धत

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांताच्या उत्तर भागावरून विमान जाते, तेव्हा स्प्रूसच्या काळपट जंगलात माणसाच्या दोन प्रकारच्या खुणा दिसतात. एक म्हणजे नाकासमोर सरळ गेलेल्या रेघा, आणि दुसरी म्हणजे त्यांच्या आसपास विखुरलेले चौकोनी मोकळे तुकडे. रेघा भूगर्भातील तेल-वायू शोधण्यासाठी जंगल तोडून काढलेल्या आहेत; त्यांना सिस्मिक लाइन म्हणतात. चौकोन म्हणजे तेलविहिरी खोदण्यासाठी माती भरून तयार केलेले ओटे, अर्थात वेल पॅड. यांतील बऱ्याच खुणा ज्या जमिनीवर आहेत ती साधी वनजमीन नाही. ती पीटभूमी आहे. थंड, पाणथळ जागी हजारो वर्षे शेवाळ आणि इतर वनस्पती अर्धवट कुजून साचत गेल्या, आणि त्यांचे, म्हणजे पीटचे, थर कोठे एक, तर कोठे चार-पाच मीटर जाड झाले. हा साठा साधारणपणे वर्षाला एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी वेगाने वाढतो. जगाच्या भूपृष्ठाचा जेमतेम तीन टक्के भाग व्यापणाऱ्या या जमिनींमध्ये मातीतील एकूण कार्बनपैकी सुमारे एकतृतीयांश कार्बन आहे, हे लक्षात घेतले म्हणजे एक हेक्टरच्या चौकोनासाठी एवढा खटाटोप का करायचा, ते कळते.

पुढील मार्गदर्शन पीटभूमीवरील एका वेल पॅडच्या पुनर्स्थापनेचे आहे. अल्बर्टातील पीस रिव्हर येथे नॉर्दर्न अल्बर्टा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे बोरियल संशोधन केंद्र आहे, आणि क्वेबेकच्या लाव्हाल विद्यापीठात लिन रोशफोर यांचा पीटभूमी संशोधन गट आहे. या दोन्ही ठिकाणी तयार झालेल्या आणि शेतावर, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर, पारखून घेतलेल्या पद्धतींवर ते आधारलेले आहे. सिस्मिक लाइनचा विचार शेवटी स्वतंत्रपणे केला आहे, कारण तेथील गरजा निराळ्या आहेत आणि एका जागेचा नियम दुसरीकडे लावल्यास नुकसान होते.

या क्षेत्रातील फसलेल्या कामांचे कारण बहुतेक वेळा एकच निघते: झाडे आधी लावली गेली आणि पाण्याचा विचार नंतर झाला. पीटभूमीत झाड हा परिणाम आहे, कारण नव्हे. पाण्याची पातळी बरोबर असेल तर शेवाळ येते, शेवाळ आले की पृष्ठभाग तयार होतो, आणि त्या पृष्ठभागावर काळा स्प्रूस किंवा टॅमरॅक आपल्या गतीने उभा राहतो. हा क्रम उलटा केला, तर पैसा आणि रोपे दोन्ही वाया जातात.

जागेची ओळख: बॉग की फेन

पहिला टप्पा कागदावरचा नाही, तो पायात लांब रबरी बूट घालून करायचा आहे. पॅडच्या चारही बाजूंना, भरावापासून पुरेसे दूर जाऊन, मूळ जमीन कोणत्या प्रकारची होती हे ठरवावे. बॉग प्रकारच्या पीटभूमीला फक्त पावसाचे आणि बर्फाचे पाणी मिळते. त्यामुळे तिचे पाणी आम्ल असते, सामू चारच्या आसपास, आणि विद्युतवाहकता सहसा १०० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आत राहते. तेथे स्फॅग्नम शेवाळाचे लालसर-तपकिरी उंचवटे, लॅब्राडोर टी नावाचे झुडूप, क्लाउडबेरी आणि ठेंगणा काळा स्प्रूस दिसतो. फेन प्रकाराला भूजलही मिळते, म्हणून तेथील पाण्यात खनिजे जास्त असतात, सामू साडेपाचपासून सातच्या वरपर्यंत जातो, आणि लव्हाळ्याच्या कुळातील सेज, तपकिरी शेवाळे, विलो व टॅमरॅक यांचे राज्य असते.

हा फरक पुस्तकी नाही. पॅडसाठी आणलेली माती बहुधा चिकणमाती किंवा वाळू असते, आणि तिच्यातून झिरपणारी खनिजे पाण्याचा सामू वाढवतात. म्हणून मूळ जागा बॉग असली तरी भराव काढल्यानंतर तेथे काही काळ फेनसारखी परिस्थिती राहते. अशा जागी बॉगमधील स्फॅग्नम आणून टाकले की ते तग धरत नाही. फेनमधील शेवाळे व सेज मात्र रुजतात. मूळ जागा बॉग होती म्हणून बॉगच करायचा हा हट्ट मला व्यवहार्य वाटत नाही. पीट साठवणारी, पाणी धरणारी, स्थानिक वनस्पतींची दलदल उभी राहिली, तर पुढे काही दशकांत स्फॅग्नम स्वतःच वातावरण आम्ल करत जागा ताब्यात घेऊ शकते. निसर्गात अनेक बॉग फेनमधूनच घडले आहेत.

याच टप्प्यावर प्रदूषणाची तपासणी पूर्ण करावी. तेलासोबत वर येणारे पाणी खारट असते, आणि ते कधी सांडलेले असेल तर मातीत सोडियम व क्लोराइड उरलेले असते. स्फॅग्नमला मीठ जराही सोसत नाही. हायड्रोकार्बन, ड्रिलिंगचा गाळ पुरलेले खड्डे आणि क्षारता यांचा छडा लागल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये. नाहीतर दोन वर्षांनी पिवळे पडलेले शेवाळ पाहत पाणी नेमके कोठे मुरते आहे, याचा शोध घ्यावा लागतो.

त्या भागातील क्री, डेने आणि मेटी या आदिवासी समाजांच्या लोकांशी बोलणेही इथेच येते, वनस्पतींची यादी ठरल्यानंतर नव्हे. कोणत्या जागी क्लाउडबेरी गोळा होत असे, कोठे औषधी मुळे मिळत, वन्यप्राणी कोणत्या वाटेने जात, हे त्यांना ठाऊक असते. त्यांच्या औषधांत मानाचे स्थान असलेले रॅट रूट हे आपल्या वेखंडाचे सख्खे भावंड आहे आणि तेही पाणथळ काठावरच वाढते. पुनर्स्थापनेच्या आराखड्यात त्याला जागा मिळते ती बहुधा कोणीतरी विचारले म्हणून.

पाण्याची पातळी मोजणे

किमान एक पूर्ण उन्हाळा, म्हणजे मे ते सप्टेंबर, पाण्याची पातळी मोजल्याशिवाय भरावाला हात लावू नये. ठेकेदाराला हा उशीर आवडत नाही, परंतु पुढचा प्रत्येक निर्णय या आकड्यांवर उभा राहतो.

निरीक्षणासाठी छिद्रे पाडलेली पीव्हीसी नळी घेऊन तिच्यावर कापडी गाळणी चढवावी आणि ती पीटमध्ये एक ते दीड मीटर खोल बसवावी. अशा नळ्यांची एक रांग पॅडच्या चढाकडील बाजूपासून उताराकडील बाजूपर्यंत असावी, आणि दोन-तीन नळ्या अस्पर्शित दलदलीत, तुलनेसाठी. पॅड म्हणजे पाण्याच्या वाटेतील बांध असतो: त्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून झाडे बुडून मरतात, तर खालच्या अंगाला पीट कोरडे पडते. नळ्यांची रांग हा फरक सेंटिमीटरमध्ये दाखवते.

येथे एक बारकावा आहे आणि तो चुकला तर सगळी मोजणी फसते. पीटचा पृष्ठभाग स्थिर नसतो. पाणी वाढले की तो फुगून वर येतो, पाणी उतरले की खाली बसतो, आणि त्याच्याबरोबर पीटमध्ये नुसती खोचलेली नळीही हलते. पातळी नळीच्या तोंडापासून मोजली आणि नळीच वरखाली होत असेल, तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही. म्हणून लोखंडी सळई पीटच्या थरातून आरपार घालून खालच्या घट्ट खनिज मातीत ठोकावी आणि प्रत्येक नळीची उंची त्या सळईच्या संदर्भाने ठरवावी. पाण्याची पातळी दोन प्रकारे नोंदवावी: त्या स्थिर खुणेपासून, आणि त्या दिवशीच्या शेवाळाच्या पृष्ठभागापासून. पहिला आकडा पाण्याचा उतार सांगतो. वनस्पतीच्या मुळांना जाणवते ती दुसरी पातळी.

भराव किती काढायचा

आता मुख्य निर्णय. पीटवर सहसा आधी भू-वस्त्राची चादर अंथरून तिच्यावर मीटर-दीड मीटर माती टाकलेली असते, आणि त्या वजनाखाली मूळ पीट वर्षानुवर्षे दबून राहिलेले असते. यातून बाहेर पडण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे सगळा भराव आणि चादर काढून दबलेले पीट उघडे करणे. ऐकायला हा सर्वांत प्रामाणिक उपाय वाटतो, पण जड पाट उचलल्यावर दबलेली गादी जशी लगेच पूर्ववत होत नाही, तसेच दबलेले पीट पुन्हा पुरते फुगत नाही. त्याचा पृष्ठभाग आजूबाजूच्या दलदलीपेक्षा खाली राहतो, खड्ड्यात पाणी भरते, आणि मिळते ते उथळ तळे. तळ्यात पाणकणीस येते, शेवाळ येत नाही. एक्स्कॅव्हेटरच्या बादलीने दबलेले पीट सैल करून उचलून घेतले, तर ही तूट काही प्रमाणात भरून निघते.

दुसरा मार्ग म्हणजे भराव अर्धवट काढणे. माती तासत तासत तिचा पृष्ठभाग आसपासच्या पाण्याच्या पातळीच्या जवळ आणावा, म्हणजे खालून पाणी वर चढून माती कायम ओलसर राहील. अशा ओल्या खनिज मातीवर सेज आणि विलो चांगले येतात आणि पीट साठवणाऱ्या फेनची सुरुवात होऊ शकते. खर्च कमी, परंतु माती पाण्यापेक्षा थोडी जरी उंच राहिली तरी गवत आणि तण शिरतात. येथे दहा सेंटिमीटरचा फरक फार मोठा असतो.

तिसरा मार्ग उलटापालटीचा आहे. एक्स्कॅव्हेटरने पट्ट्यापट्ट्याने खोदत खालचे पीट वर आणायचे आणि भरावाची माती त्याच्या खाली गाडायची. माती वाहून नेण्याचा खर्च, जो अशा कामात सर्वांत जास्त असतो, तो बहुतांश वाचतो आणि वर पीटचा थर मिळतो. यात चालकाचे कसब सर्वांत महत्त्वाचे. चिकणमातीचे ढेकळे पीटमध्ये मिसळली गेली, तर पृष्ठभागाचा सामू व पोषकद्रव्ये वाढतात आणि मग पाणकणीस व गवत यांना आमंत्रण मिळते. वरचा पीटचा थर ३० ते ४० सेंटिमीटर तरी निर्भेळ असावा, असा आग्रह धरावा.

माझे मत असे की ज्या पॅडच्या खाली पीटचा थर चांगला जाड आहे आणि माती जिथून आणली तो खड्डा जवळ नाही, तेथे उलटापालट सरस ठरते. मातीचा मूळ खड्डा जवळ असेल, तर भराव तेथेच परत टाकावा. एका कामात दोन जखमा भरतात.

भराव काढण्याचे काम हिवाळ्यात करावे लागते, कारण एरवी यंत्रे दलदलीत रुततात. गोठलेल्या जमिनीवरचा बर्फाचा रस्ता डिसेंबर ते मार्च यांच्या आसपासच मिळतो. हीच मोठी अडचणही आहे. गोठलेली ढेकळे रचून केलेला पृष्ठभाग मार्चमध्ये सपाट दिसतो आणि जूनमध्ये वितळून कोठे बसतो, कोठे खचतो. म्हणून अंतिम उंची हिवाळ्यात डोळ्याने ठरवू नये. शरद ऋतूत मोजून ठेवलेल्या स्थिर सळया व नळ्या यांच्या आधारे जीपीएस किंवा लेसर लावून उंची ठेवावी, आणि बसण्यासाठी थोडी वाढीव जागा सोडावी. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी पृष्ठभागाखाली फार उतरू नये, आणि वसंतात ते फार वर तरंगूही नये. शेवाळ रुजण्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत हे दोन्ही टोकांचे दिवसच नुकसान करतात.

शेवाळ आणणे आणि पसरणे

शेवाळ-थर स्थलांतराची पद्धत मुळात क्वेबेकमध्ये घडली. तेथे बागकामासाठी पीट काढून ओसाड सोडलेल्या शेतांचा प्रश्न होता. रिव्हिएर-द्यू-लूपजवळच्या बुआ-दे-बेल येथे सुमारे साडेअकरा हेक्टरच्या अशा जागेवर १९९९च्या सुमारास हे काम झाले, आणि सुमारे १४ वर्षांनंतरच्या मोजणीत ती जागा पुन्हा कार्बन शोषणारी झालेली आढळली. अल्बर्टाच्या पॅडवर तीच पद्धत थोडे बदल करून वापरतात.

प्रथम दातृस्थळ निवडावे: जवळचे, त्याच प्रकारच्या पीटभूमीचे, आणि शक्यतो असे की जेथील वनस्पती पुढे दुसऱ्या कामासाठी तोडली जाणारच आहे. सगळा साठा एकाच ठिकाणाहून खरवडू नये. वरचा सुमारे १० सेंटिमीटरचा थर पुरेसा असतो, कारण स्फॅग्नमच्या शेंड्यात आणि खोडाच्या वरच्या तुकड्यांत पुन्हा फुटण्याची ताकद असते. खालच्या करड्या, मृत भागात ती नसते. एक चौरस मीटर दातृस्थळावरून साधारण दहा चौरस मीटर जागेसाठी पुरेल एवढे साहित्य मिळते, आणि वरचाच थर घेतल्यामुळे दातृस्थळही काही वर्षांत भरून येते. गोळा करण्याची उत्तम वेळ वसंताच्या सुरुवातीची, जेव्हा वरचे चार बोटे शेवाळ वितळलेले असते आणि खालची जमीन अजून यंत्राचे वजन पेलण्याइतकी गोठलेली असते.

गोळा केलेला थर एक ते तीन सेंटिमीटरच्या तुकड्यांत बारीक करावा आणि तो पसरून पृष्ठभागावर पातळ, सलग पांघरूण घालावे. खाली काळे पीट दिसत राहिले तर थर कमी पडला. साहित्याचे ढीग झाले तर वरचा भाग वाळून जातो. पृष्ठभाग शक्य तितका सपाट ठेवावा. इथे अनेकांची चूक होते. विविधता यावी म्हणून उंचवटे व खळगे मुद्दाम केले जातात, पण या टप्प्यावर उंचवट्यावरचे तुकडे वाळतात आणि खळग्यातील बुडतात. शेवाळ रुजल्यावर उंचवटे ते स्वतःच तयार करते.

शेवाळावर त्याच दिवशी गव्हाच्या किंवा जवाच्या पेंढ्याचे आच्छादन टाकावे, हेक्टरी सुमारे ३,००० किलो. हा आकडा पाहून काटकसर करण्याचा मोह होतो, परंतु आच्छादनाशिवाय स्फॅग्नमचा एक कोवळा तुकडा एका कोरड्या, वाऱ्याच्या दुपारी संपतो. पेंढ्याखाली हवा दमट राहते, दिवसाची उष्णता आणि रात्रीची थंडी यांची तीव्रता कमी होते, आणि दोन-तीन वर्षांत पेंढा कुजून नाहीसा होतो, तोवर शेवाळ स्वतःचे पांघरूण झालेले असते. पेंढा मात्र तणमुक्त आहे याची खात्री करून घ्यावी. अल्बर्टाच्या शेतातील पेंढ्यातून धान्याचे दाणे आणि कॅनडा थिसलचे बी अगदी सहज येते.

क्वेबेकमध्ये या कामात थोडे स्फुरदयुक्त खत दिले जाते, कारण ओसाड पीटवर गोठण-वितळणीमुळे मुळे उपटली जातात आणि पॉलिट्रायकम नावाचे काटक शेवाळ लवकर येऊन पृष्ठभाग धरून ठेवते. स्फुरदामुळे त्याला बळ मिळते. पॅडच्या जागी मात्र मातीतून पोषकद्रव्ये आधीच मिळत असतात. तेथे खत घातले तर तणाचे पीक येईल. खताची पिशवी जागेवर नेऊच नये, हे बरे.

सेज, विलो आणि झाडे

शेवाळाच्या जोडीला सेज लावावा. पाण्यात उभे राहणाऱ्या कॅरेक्स अ‍ॅक्वाटिलिसची रोपे ओल्या खनिज मातीवर भराभर पसरतात आणि त्यांची मुळे पीटचा कच्चा माल बनतात. विलो, म्हणजे आपल्या वाळुंजाच्याच वंशातील झुडूप, छाट कलमाने लावता येते. पाने गळलेल्या सुप्तावस्थेत काड्या कापाव्यात, गोठवून ठेवाव्यात आणि वसंतात जमीन वितळताच निम्म्याहून अधिक लांबी मातीत जाईल अशा खोचाव्यात. पानांसह कापलेली काडी मुळे फुटण्याआधीच वाळते.

गवत पेरू नये. मातीची धूप थांबावी म्हणून शेतीतील गवते व क्लोव्हर पेरण्याची प्रथा या प्रदेशात अनेक दशके होती, आणि तिचे फळ म्हणजे आजही झाड न उगवलेले हिरवे चौकोन. आपल्याकडे गोव्यात लोहखनिजाच्या ढिगांवर ऑस्ट्रेलियन अ‍ॅकेशिया लावून झटपट हिरवाई आणली गेली, त्यातलाच हा प्रकार. हिरवे झाले म्हणजे जंगल आले, असा समज दोन्हीकडे महाग पडला.

काळा स्प्रूस आणि टॅमरॅक यांची रोपे शेवाळ रुजल्यावर, तिसऱ्या-चौथ्या वर्षी, थोड्या उंच आणि ओलसर जागी लावावीत. पॅडच्या कडेला जेथे मूळ जमीन खनिजाची आणि कोरडी असेल, तेथील पद्धत निराळी आहे. यंत्रांनी दाबलेली माती कोरड्या हंगामात ६० ते ८० सेंटिमीटर खोल फोडावी, पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत ठेवावा, त्यावर लाकडाचे ओंडके विखुरावेत, आणि जवळच्या जंगलातून काढलेला पालापाचोळ्याचा वरचा थर साठवून न ठेवता थेट आणून पसरावा, कारण ढिगात पडलेल्या बिया आणि मुळे लवकर मरतात. पीस रिव्हरच्या केंद्राने येथे एक कल्पक प्रयोग केला: रोपवाटिकेतील एकाच कुंडीत पांढऱ्या स्प्रूसबरोबर फायरवीडसारखी स्थानिक वनस्पती वाढवायची, म्हणजे एका खड्ड्यात झाड आणि तण रोखणारा त्याचा सोबती दोन्ही लागतात. मजुरी तेवढीच राहते आणि जागा लवकर झाकली जाते.

सिस्मिक लाइन: उलटा नियम

वेल पॅडवर पृष्ठभाग सपाट ठेवायचा, तर सिस्मिक लाइनवर तो मुद्दाम उंचसखल करायचा. याचे कारण असे की या रेघांवर पीट काढलेले नसते. यंत्राच्या चाकांखाली ते दाबले जाऊन उंचवटे नाहीसे झालेले असतात, जमीन पाण्याच्या जवळ आलेली असते, आणि स्प्रूसच्या बीला रुजायला कोरडी जागाच उरत नाही. दशके लोटली तरी अशा रेघा मोकळ्याच राहतात. लांडग्यांना त्या राजमार्गासारख्या सोयीच्या ठरतात. त्यांवरून ते वेगाने फिरतात आणि ज्या दलदलीत कॅरिबूंना, म्हणजे उत्तरेकडील रेनडिअर हरणांना, एरवी आडोसा मिळत असे तेथे पोहोचतात. बोरियल कॅरिबू कॅनडात संकटग्रस्त म्हणून घोषित आहे, आणि २०१२च्या संघीय पुनर्प्राप्ती धोरणात प्रत्येक अधिवासाचा किमान ६५ टक्के भाग अबाधित असावा असे लक्ष्य ठेवले आहे. त्यात प्रत्येक मानवी खुणेभोवतीची ५०० मीटरची पट्टीही बाधित धरली जाते. म्हणून पाच-सात मीटर रुंदीची एक रेघही हिशेबात किलोमीटरभर रुंद होते.

कामाची पद्धत अशी. हिवाळ्यात एक्स्कॅव्हेटर रेघेवरून मागे मागे सरकत पीटचे ढीग रचतो. एका बाजूचा खड्डा आणि शेजारचा ढीग असा क्रम चालतो. ढीग वितळून आणि कुजून बसतो, म्हणून तो लागेल त्यापेक्षा उंच रचावा. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यावर काळा स्प्रूस लावावा. रेघेवर दोन्ही बाजूंची काही झाडे आडवी पाडावीत, म्हणजे लांडगा, माणूस आणि चार चाकांची मोटार, तिघांचीही वाट अडते. ही शेवटची गोष्ट विसरू नये. रेघेवरून एटीव्हीचा, म्हणजे खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या चारचाकीचा, वावर सुरू राहिला, तर लावलेली रोपे चाकांखाली जातात आणि सगळे मुसळ केरात.

मात्र यंत्र आणण्यापूर्वी रेघ पायी चालून पाहावी. काही ठिकाणी झाडे हळूहळू येतच असतात, गुडघाभर उंचीची रोपे शेवाळात दडलेली असतात, आणि एक्स्कॅव्हेटर त्यांवरून गेला तर पंधरा वर्षांची कमाई एका सकाळी नष्ट होते. अशा भागांना हात न लावणे हीच पुनर्स्थापना. ढीग रचल्यामुळे पीट उघडे पडून त्याचे कुजणेही वाढते. म्हणून जेथे कॅरिबूंच्या दृष्टीने खरोखर गरज आहे, तेथेच ही पद्धत वापरणे शहाणपणाचे.

काय मोजायचे आणि कधी समाधान मानायचे

पहिली पाच वर्षे दर उन्हाळ्यात पाण्याची पातळी, सामू, विद्युतवाहकता आणि ठरावीक चौकटींतील वनस्पतींचे आच्छादन नोंदवावे. तिसऱ्या वर्षी शेवाळ व स्थानिक सेज यांचे प्रमाण वाढत असेल आणि तण घटत असेल, तर दिशा बरोबर आहे. थिसल आणि स्वीट क्लोव्हर पहिल्या दोन वर्षांत हातानेच उपटावे; नंतर ते आवरत नाही.

पाणी वर आल्यावर मिथेन वाढतो, विशेषतः सेजच्या पोकळ देठांतून तो थेट हवेत जातो. काही लोक हे पाहून पुनर्स्थापनेलाच नावे ठेवतात. दीर्घ मुदतीचा हिशेब वेगळा आहे: मिथेन हवेत साधारण दशकभर टिकतो, तर कोरडे पडलेले पीट कुजत असताना बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड शतकांनी मोजावा लागतो. तरीही उघडे पाणी आणि पाणकणीस कमी, शेवाळ जास्त, हे सूत्र सांभाळले तर मिथेनही आटोक्यात राहतो.

ज्या ठिकाणी खाणकामाने संपूर्ण भूभागच उपसला गेला, तेथे वरील पद्धत अपुरी पडते, कारण परत आणायला दलदलच उरलेली नसते. अथाबास्काच्या तेलवाळू खाणींत म्हणून दलदल नव्याने बांधण्याचे प्रयोग झाले. सिन्क्रूड या तेलकंपनीने वाळूने भरलेल्या जुन्या खाणीवर सँडहिल फेन बांधला. सनकोर या दुसऱ्या तेलकंपनीने वॉटरलू विद्यापीठाच्या जोनाथन प्राइस यांच्या संशोधनाच्या आधारे सुमारे तीन हेक्टरचा निकानोटी फेन आणि त्याला पाणी पुरवणारे सुमारे ३२ हेक्टरचे पाणलोट क्षेत्र उभे केले, आणि ते २०१३ मध्ये पूर्ण झाले. या प्रमाणातच मुख्य धडा आहे: तीन हेक्टर फेन जिवंत ठेवायला त्याच्या दहापट जमिनीवरचे पाणी लागते. तेथे सर्वांत चिवट अडचण आहे ती वाळूतून झिरपणाऱ्या सोडियमची. याउलट तेलवाळू प्रदेशातील पुनर्स्थापनेचे पहिले अधिकृत प्रमाणपत्र २००८ मध्ये मिळाले, ते गेटवे हिल नावाच्या १०४ हेक्टरच्या कोरड्या, वृक्षाच्छादित टेकडीला. तिथली वाट आणि झाडे चांगलीच आहेत, पण तिच्याकडे बोट दाखवून पीटभूमीचा हिशेब पूर्ण झाला असे कोणी म्हणू नये.

अल्बर्टात पीटभूमीवरील विहिरींसाठी स्वतंत्र निकष २०१५ मध्ये आले, आणि त्यांत पाणी, माती व वनस्पती या तिन्ही गोष्टी आजूबाजूच्या दलदलीशी जुळत आहेत का, ते पाहिले जाते. प्रमाणपत्राचा अर्ज करण्यापूर्वी निरीक्षणाच्या नळ्या काढाव्यात, पण चढाकडील एक आणि उताराकडील एक नळी, तसेच दोन्हींच्या स्थिर सळया, परवानगी घेऊन जागेवर ठेवाव्यात आणि त्यांचे अक्षांश-रेखांश नोंदवहीत लिहावेत. पॅडपर्यंत जाणारा भरावाचा रस्ताही याच कामाचा भाग आहे: पॅड मोकळा करून रस्ता तसाच सोडला, तर पाण्याचा तोच बांध काही मीटर पलीकडे उभा राहतो. रस्ता पॅडच्या टोकाकडून माघारी येत काढावा, आणि त्यातील पाण्याचे पाइप शेवटच्या दिवशीच उचलावेत, म्हणजे काम चालू असताना पाणी अडणार नाही.